टॉमची बोटं पियानोवर खरंच बरोबर पडतात का?

मागच्या अंकात लिहिलं होतं की जुन्या कार्टूनमधल्या गाण्यांबद्दल, म्युझिकबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि पत्रं-मेसेज मिळून एवढे प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्यच नाही. निम्म्याहून जास्त टॉम अँड जेरीवर आहेत आणि ते साहजिकच आहे, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आपल्याकडे आलं आणि अख्खी एक पिढी शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून टीव्हीसमोर बसायला लागली. मला हा विषय मनापासून आवडतो, कारण आपल्यातल्या कितीतरी जणांनी लिस्ट, रॉसिनी, वॅगनर हे युरोपातले शास्त्रीय संगीतकार पहिल्यांदा ऐकले ते या कार्टूनमधूनच, फक्त तेव्हा नावं माहीत नव्हती. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, तेवढं समजून घ्या.

प्रश्न (सांगली): ताई, टॉम अँड जेरीमध्ये कोणी फारसं बोलतच नाही तरी सगळं कळतं, ते म्युझिकमुळेच ना? आमच्याकडे वाद झालाय. मिस्टर म्हणतात आधी चित्रं काढतात आणि मग बघून बघून वाजवतात, मी म्हणते आधी वाजवत असणार, नाहीतर पाऊल न् पाऊल एवढं कसं जुळेल. कोण बरोबर?

उत्तर: दोघंही थोडे थोडे बरोबर आहात. खरी गोष्ट अशी की चित्र आणि म्युझिक दोन्ही एकाच लयीवर आधी कागदावर बांधलेलं असायचं.

फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने पळते. आता समजा टॉम चवड्यावर दबकत चाललाय आणि त्याचं एकेक पाऊल १२ फ्रेमचं ठेवलं, तर सेकंदाला दोन पावलं झाली, म्हणजे मिनिटाला १२० बीट. पावलं ८ फ्रेमची केली की १८०. म्हणजे अ‍ॅनिमेटरने पेन्सिल उचलायच्या आधीच लय ठरलेली असते! हे टायमिंगचं काम टॉम अँड जेरी बनवणाऱ्या जोडीतले विल्यम हॅना करायचे (जोडीदार जोसेफ बार्बेरा स्टोरी आणि ड्रॉइंग बघायचे) आणि हॅनांना संगीताची चांगली जाण होती. कुठे उडी, कुठे धडक, कुठे नुसता डोळा मिचकावला, हे सगळं बीटच्या हिशोबाने कागदावर मांडलं जायचं आणि तो कागद जायचा संगीतकार स्कॉट ब्रॅडलीकडे. ते त्यावर ऑर्केस्ट्रासाठी नोटेशन लिहायचे. रेकॉर्डिंगच्या वेळी वादकांच्या कानात हेडफोन आणि त्यात नुसती टिक टिक टिक, ठरलेल्या फ्रेमला एक. त्या टिकटिकीवर वाजवलं की चित्राशी आपोआप जुळतं. ही पद्धत रुजवण्याचं श्रेय बरेच जण कार्ल स्टॉलिंगना देतात, त्यांच्याबद्दल पुढे येतंच.

ज्या भागात पात्रं स्वतःच गातात किंवा वाजवतात तिथे मात्र म्युझिक आधी आणि चित्र नंतर, म्हणजे तिथे तुम्ही जिंकलात.

ब्रॅडलींचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. हॅना-बार्बेरांनी १९४० ते १९५८ मध्ये एमजीएम या हॉलीवूडच्या स्टुडिओसाठी टॉम अँड जेरीचे ११४ भाग केले, त्यातल्या एकाचं म्युझिक दुसऱ्याचं, बाकी सगळ्यांचं या एकट्या माणसाचं. वादक किती, तर वीसच्या आसपास. एवढ्याशा वादकांकडून ते असं काही वाजवून घ्यायचे की ऐकताना मोठा ऑर्केस्ट्रा वाटतो, आणि वाजवायला ते भयंकर अवघड असायचं, दर दोन सेकंदाला लय बदलणार, मूड बदलणार, मध्येच एकदम शांतता.

आणि एक गंमत ऐका. १९४४ चा 'पुटिन ऑन द डॉग' म्हणून भाग आहे, त्यात टॉम कुत्र्याचं मुंडकं डोक्यावर चढवून कुत्र्यांच्या वाड्यात शिरतो. त्यात ब्रॅडलींनी शोनबर्ग या संगीतकाराची बारा स्वरांची पद्धत वापरलीय, म्हणजे सप्तकातले बाराही स्वर एका ठरलेल्या क्रमाने घ्यायचे आणि कुठल्याच स्वराला घर मानायचं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्जच नाही! त्या काळात मैफलीला जाणारे लोकसुद्धा हे म्युझिक ऐकून उठून जायचे, आणि इथे थिएटरमधली पोरंटोरं ते ऐकत खदाखदा हसत होती, कोणालाच ते अवघड वाटलं नाही. चित्रासोबत आलं की कान किती पटकन नवीन गोष्ट स्वीकारतो बघा.

प्रश्न (पुणे): माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पियानो शिकते. टॉम कोट घालून स्टेजवर पियानो वाजवतो तो भाग तिने इतक्या वेळा बघितलाय की पाठ झालाय. क्लासमधले सर म्हणाले कार्टूनमधलं म्युझिक ऐकू देऊ नका, कान बिघडतो. ती ट्यून कुठली आहे आणि टॉमची बोटं खरंच बरोबर पडतात का?

उत्तर: सरांचा मान ठेवून सांगते, अजिबात बंद करू नका. उलट तिला शेजारी बसवून परत दाखवा, पण यावेळी तुम्हीपण नीट ऐका.

तो भाग म्हणजे 'द कॅट कन्चर्टो', १९४७ मध्ये थिएटरला लागला आणि त्याला १९४६ सालचं शॉर्ट कार्टूनचं ऑस्कर मिळालं (त्या टीमने एकूण सात ऑस्कर मिळवली त्यातलं हे एक). टॉम वाजवतो ती फ्रान्झ लिस्टची हंगेरियन ऱ्हाप्सडी नंबर दोन. लिस्टने ती १८४७ मध्ये लिहिली, मूळ पियानोसाठीच, आणि आजही भल्याभल्यांचा घाम काढते. तिचे दोन भाग आहेत, पहिला संथ, भारदस्त, थोडा उदास आणि दुसरा सुसाट. आपण ख्यालात विलंबितातून द्रुतात जातो ना, तसंच काहीसं, फक्त इथे द्रुत सुरू झालं की ते थांबायचं नावच घेत नाही.

आता बोटांचं. हो, बऱ्याच ठिकाणी खरंच बरोबर पडतात. म्युझिक आधी रेकॉर्ड केलेलं होतं आणि अ‍ॅनिमेटरनी त्याच्यावर हात काढलेत, त्यामुळे सूर खाली गेला की हात डावीकडे, वर गेला की उजवीकडे, दोन हात एकमेकांवरून ओलांडायचे तिथे ओलांडतात. मुलीला सांगा की एखादा तुकडा स्लो करून बघ आणि कुठल्या पट्टीवर बोट पडतंय ते स्वतः शोध. मला विचाराल तर कुठल्याही होमवर्कपेक्षा हे भारी आहे.

आणि सुरुवात बघा. टॉम येतो, अदबीने वाकतो, बसतो, रुमालाने हात पुसतो, शर्टाच्या बाह्या सारख्या करतो, आणि मग पहिले ते जड सूर. हे सगळं खऱ्या पियानोवादकांच्या लकबी बारीक बघून काढलंय. जेरी आत पियानोच्या हातोड्यांवर झोपलेला असतो आणि त्या सुरांनी तो वरखाली उडायला लागतो, म्हणजे पियानोच्या आत काय चालतं तेही पोराला फुकटात कळतं. पुढे मारामारी पेटते, जेरी पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा लावून ठेवतो, टॉम हाताने जेरीला पकडतोय आणि पायाने वाजवतोय, पण लिस्ट काही तुटत नाही. मध्ये एकदा जेरी हातोड्यांवर नाचून ट्यूनच बदलून टाकतो आणि टॉम नकळत त्याच्यामागे वाजवत जातो, तो तुकडा म्हणजे एमजीएमच्याच एका सिनेमातलं तेव्हाचं गाजलेलं रेल्वेचं गाणं. टॉमला कळतं तेव्हाचा त्याचा चेहरा! आणि शेवटी थकून पडलेल्या टॉमऐवजी टाळ्या घेतो जेरी.

कान बिघडायचा प्रश्नच नाही हो. शुद्ध, कसून वाजवलेलं म्युझिक आहे ते. कान बिघडतो तो एकसुरी टूंटूं ऐकून, लिस्ट ऐकून कसा बिघडेल?

प्रश्न (कोल्हापूर): आमचा कारखाना आहे. बग्ज बनीच्या कार्टूनात मशीन सुरू झाली की एक ठराविक म्युझिक वाजतं, धडधड धडधड करणारं, ते ऐकलं की मला आमचं शॉपफ्लोअरच आठवतं. ते कुठलं?

उत्तर: त्याचं नाव 'पॉवरहाऊस', रेमंड स्कॉट यांनी १९३७ मध्ये केलेलं. आणि मजा म्हणजे स्कॉटनी ते कार्टूनसाठी केलंच नव्हतं, त्यांचा स्वतःचा छोटा जॅझ ग्रुप होता, त्यासाठीची ही रचना. १९४३ मध्ये बग्ज बनीची कार्टून काढणाऱ्या वॉर्नर स्टुडिओने त्यांच्या रचनांचे हक्क घेतले आणि मग त्या आयत्या तिथले संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांच्या हातात आल्या. तुम्ही म्हणताय तो धडधडीचा तुकडा रचनेच्या मधला आहे, सुरुवात वेगळीच, पळापळीची आहे. पूर्ण रचना एकदा सलग ऐकाच.

स्टॉलिंग हा माणूस समजून घेण्यासारखा आहे. मूकपटांच्या काळात कॅन्सस सिटीच्या थिएटरमध्ये ते ऑर्गन वाजवायचे, समोर पडद्यावर जे दिसेल त्याला शोभेल असं त्या क्षणी वाजवायचं, रडायला आलं की रडकं, घोडे आले की टापा. वॉल्ट डिस्ने तेव्हा त्याच शहरात धडपडत होते, तिथली ती ओळख. मिकीच्या अगदी सुरुवातीच्या कार्टूनना म्युझिक दिलं ते स्टॉलिंगनी, आणि १९२९ चा सांगाड्यांचा नाच आहे ना, 'द स्केलेटन डान्स', ती कल्पनाही त्यांचीच. मग १९३६ मध्ये ते वॉर्नरला गेले आणि १९५८ पर्यंत तिथेच राहिले, सहाशेच्या वर कार्टून, म्हणजे साधारण दर दोन आठवड्यांना एक नवीन स्कोअर, आणि हाताशी वॉर्नरचा पन्नासेक वादकांचा ऑर्केस्ट्रा.

वॉर्नरकडे गाण्यांच्या प्रकाशन कंपन्या होत्या, आपली गाणी खपावीत म्हणूनच तर त्यांनी 'मेरी मेलडीज' ही कार्टूनची मालिका काढली. त्यामुळे स्टॉलिंगना हजारो गाणी वापरायला मोकळीक होती आणि ते प्रसंगाला गाण्याच्या नावावरून ट्यून लावायचे. बग्ज लाल ड्रेस घालून आला की 'द लेडी इन रेड', कोणी खायला बसलं की कॉफी-सँडविचवालं गाणं. अमेरिकन प्रेक्षकाला ती गाणी पाठ, त्यामुळे तो चित्रावर एकदा आणि गाण्यावर एकदा असा दोनदा हसायचा. आपल्याला त्यातलं एकच हसू मिळालं, पण तेही कमी नव्हतं.

प्रश्न (ठाणे): बग्ज बनी आणि तो टकलू शिकारी ऑपेरा गातात ते दोन भाग आहेत ना? त्यातला कुठला आधी बघावा?

उत्तर: आधी न्हाव्याचा. १९५० चा 'रॅबिट ऑफ सेव्हिल', रॉसिनीच्या ऑपेराची सुरुवातीची धून त्यात वापरलीय, आणि बग्ज एल्मरच्या टकलावर मालिश करतो ते हातापायाचं एकेक बोट तालात पडतं. एवढं जमून आलेलं काम मी तरी दुसरं बघितलेलं नाही. मग १९५७ चा 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?', दिग्दर्शक चक जोन्सचा, म्युझिक मिल्ट फ्रँकलिन यांचं. वॅगनरचं 'रिंग' म्हणजे चार ऑपेरा, सगळे मिळून पंधराएक तासांचा कारभार, आणि त्याच्यासकट वॅगनरच्या इतर ऑपेरांमधलेही तुकडे घेऊन यांनी सात मिनिटांच्या आत बसवलंय. रंग बघा त्यातले, जांभळं-लाल आकाश, आणि एल्मर रागाने पेटतो तेव्हाचा ऑर्केस्ट्रा. शेवट दुःखाचा आहे, लहानपणी मला तो सहन व्हायचा नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत हा भाग जपून ठेवायच्या यादीत गेला, आणि योग्यच झालं.

प्रश्न (रत्नागिरी): ही सगळी परदेशी झाली. आपल्या दूरदर्शनवर 'एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ' लागायचं ते कोणी केलं? माझ्या नातीला आता तेच म्हणून दाखवते, तीपण लगेच शिकली.

उत्तर: आजी, तुम्ही हा प्रश्न पाठवलात म्हणून खूप बरं वाटलं. त्याचं नाव 'एक अनेक और एकता', १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने काढलेला छोटा अ‍ॅनिमेशनपट. विजया मुळे यांनी तो केला, मूळच्या मुंबईच्या, शैक्षणिक टीव्हीसाठी आयुष्य दिलेल्या. अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. आणि म्युझिक आपल्या वसंत देसाईंचं! कोकणातलाच माणूस तुमच्या, प्रभातमध्ये घडलेला. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' त्यांचं, 'हमको मन की शक्ति देना' त्यांचं, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या प्रार्थनेत ते आजही रोज सकाळी असतातच. हा पट झाला आणि १९७५ च्या डिसेंबरात ते गेले.

त्यातला मुलीचा आवाज साधना सरगम यांचा, तेव्हा अगदी लहान होत्या, आणि त्याही कोकणातल्याच, दाभोळच्या. 'हिंद देश के निवासी' हे गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचं, ज्यांनी दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभं केलं, आणि ते शिष्य होते पुण्याच्या विनायकराव पटवर्धनांचे. म्हणजे दूरदर्शनच्या त्या सातेक मिनिटांत केवढी मंडळी एकत्र आली होती बघा.

नीट ऐकलंत तर लक्षात येईल की यात बोलणं कधी संपतं आणि गाणं कधी सुरू होतं तेच कळत नाही. मुलगी विचारते, दादा सांगतो, सांगता सांगता चाल लागते, एकाचे अनेक झाले की आवाजही एकाचे अनेक होतात, चिमण्या जाळ्यासकट उडतात तेव्हा म्युझिकही जमिनीवरून उचललं जातं. पोराला धडा शिकवतोय असं एकदाही जाणवू दिलेलं नाही. नात लगेच शिकली ना? ती वसंत देसाईंची चाल आहे, ती मुलांच्या गळ्यासाठीच बांधलेली आहे, सोप्या पट्टीत, छोट्या उड्यांची.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): आताच्या कार्टूनचं म्युझिक इतकं फिकं का? का मीच म्हातारा झालोय?

उत्तर: नाही हो, कारणं आहेत. मुख्य म्हणजे पैसा आणि वेळ. थिएटरचं सात मिनिटांचं कार्टून बनायला महिनोन् महिने लागायचे आणि प्रत्येकाला नवीन म्युझिक, खरे वादक. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टूनचा विभागच बंद केला. हॅना-बार्बेरा टीव्हीकडे वळले, तिथे दर आठवड्याला एपिसोड हवा आणि बजेट अगदीच तुटपुंजं. मग टायटल साँग एकदा छान करून घ्यायचं आणि बाकी छोटे छोटे तुकडे रेकॉर्ड करून ठेवायचे, पळताना हा, घाबरला की तो, सगळ्या एपिसोडला तेच फिरवायचे. त्यातच १९५८ मध्ये अमेरिकेत वादकांचा संप झाला, तेव्हा वॉर्नरनेही काही कार्टूनना तयार लायब्ररी म्युझिक लावलं होतं. आज ते भाग लावून बघा, बग्ज तोच, पण पडद्यावर काहीतरी मेल्यासारखं वाटतं.

पण टीव्हीचं सगळंच टाकाऊ असं मी म्हणणार नाही. संगीतकार हॉइट कर्टिन यांनी हॅना-बार्बेरांच्या 'फ्लिंटस्टोन्स' मालिकेला जे जॅझ दिलंय ते ऐकून बघा, कसले वादक आहेत! (सगळ्यांना पाठ असलेलं ते टायटल साँग मात्र पहिल्या दोन सीझनला नव्हतं, तिसऱ्यापासून आलं.)

प्रश्न (जळगाव): टॉम जोरात ओरडतो तो आवाज कोणाचा?

उत्तर: विल्यम हॅनांचा स्वतःचा! टायमिंगही त्यांचं आणि किंकाळीही त्यांचीच.

प्रश्न (पणजी): 'जंगल जंगल बात चली है' डिस्नेचं ना?

उत्तर: नाही. डिस्नेचा जंगल बुक १९६७ चा सिनेमा, त्यातली गाणी वेगळी. दूरदर्शनवर १९९३ मध्ये आली ती जपानी मालिका, आणि हिंदीत आणताना गाणं इथे नवीन केलं, शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची.

प्रश्न (न्यू जर्सी): हे म्युझिक आजकाल कोणी स्टेजवर लाइव्ह वाजवतं का? इकडे मुलांना घेऊन जायला आवडेल.

उत्तर: वाजवतात. वॉर्नरची कार्टून पडद्यावर लावून समोर पूर्ण ऑर्केस्ट्राने वाजवायचे कार्यक्रम तुमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून होतात, तुमच्या जवळच्या ऑर्केस्ट्राच्या साइटवर लक्ष ठेवा.

टॉम अँड जेरीचं मात्र जास्त अवघड होतं, कारण एमजीएमने पुढे जागा अडते म्हणून आपल्या म्युझिक लायब्ररीतली नोटेशनं सरळ कचऱ्यात टाकली. सिनेमांची, गाण्यांची, सगळी! एवढ्या लोकांची आयुष्यभराची मेहनत. मग इंग्लंडच्या जॉन विल्सन या कंडक्टरने आणि त्यांच्या माणसांनी एमजीएमचं म्युझिक नुसतं ऐकून ऐकून परत कागदावर उतरवलं, वाद्य न् वाद्य. जिथे दोन सेकंदांत दहा गोष्टी घडतात तिथे एकेक वाद्य कानाने वेगळं काढणं म्हणजे काय काम असेल विचार करा. २०१३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्स या संगीत महोत्सवात, त्यांनी टॉम अँड जेरीचं म्युझिक वाजवलं. रेकॉर्डिंग ऑनलाइन सापडतं, मुलांना आजच दाखवा. व्हायोलिनवाले जीव तोडून वाजवतायत, मागे तालवाद्यवाले नोटेशनप्रमाणे बरोबर बीटवर खरीखुरी भांडी फोडतायत, आणि मध्ये हॅनांची ती किंकाळीसुद्धा आहे, माणसाच्या तोंडून, स्टेजवर.